खरजिभ्या, लांबकान्या आणि ओला झगा

"बोट काढ त्याच्या तोंडातून. लोक बघतायत," ओलेटा पुटपुटली.

"ज्यांना दिसतंय त्यांना बघू देत," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने माशाच्या जिभेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. जीभ खरखरीत लागली. "खरजिभ्या!" त्याने जाहीर केलं. मासा बादलीत परत गेला. झाला प्रकार तो कुणाला सांगणार नव्हता.

ओढ्याकाठच्या चर्चची ही दर जुलैतली स्पर्धा. दुपारपर्यंत जो ओढ्यातून सनफिशचे जास्तीत जास्त प्रकार पकडून आणेल, त्याला निळी फीत. गाव या पंजाएवढ्या चपट्या माशांना सरसकट 'पर्च' म्हणे, एखाद्या घरात सगळ्या भाच्यांना 'बाळ' म्हणतात तसं. त्यामुळे कोण कुठला ते सांगायला पंच लागायचा, आणि पंच म्हणजे व्हर्लिन. जन्मभर लोकांच्या विहिरींतले पंप दुरुस्त केलेला माणूस. त्याच्या शब्दावर कधी अपील झालं नव्हतं.

यंदा वसंतात त्याचे डोळे गेले. पूर्ण नव्हे, मधले. कडेकडेनं दिसायचं, त्यामुळे तो कशाला धडकत नसे. पण ज्याच्याकडे बघावं तोच नेमका गायब. हे फक्त त्याच्या बायकोला, ओलेटाला ठाऊक होतं.

गावाला कळलं तर काय होईल, हेही तिला ठाऊक होतं. सायकामोरच्या झाडाखाली गादीच्या तीन खुर्च्या मांडल्या होत्या. तिथं एकदा बसवलं, की माणसाला ताट हातात आणून देतात, त्याच्याशी मोठ्यानं बोलतात आणि परत उठवत नाहीत. अर्ल गेटली गुडघा दुखतो म्हणून घटकाभर टेकला होता, त्याला आता चार वर्षं झाली. लोक त्याला ऊन पडलंय हे समजावून सांगत. दुसऱ्या खुर्चीत अर्लची बहीण होती. तिसरी रिकामी होती.

"पुढचा!" व्हर्लिन म्हणाला.

पुढचा होता डेलमर क्रेब्ज. पशुखाद्याच्या दुकानातला, व्हर्लिनचा शाळेपासूनचा सोबती. पंचाच्या जागेवर त्याचा डोळा होता, आणि हे त्याने कधी लपवलंही नव्हतं.

"हा सांग बघू, लेका."

व्हर्लिनने मासा तळहातावर घेतला. कल्ल्यामागचा लांब, लुसलुशीत कान चाचपला. "लांबकान्या."

"आणि हा?"

तोंड मोठं, छातीचा पर आखूड आणि गोल, जीभ गुळगुळीत. "हिरव्या."

"आणि हा? रंग बघ ना याचा, रंग!"

व्हर्लिनने सावकाश पर ताणला. तो निळकल्ल्या माशासारखा लांब आणि टोकदार होता. तोंड मात्र हिरव्यासारखं चांगलंच रुंद होतं.

"हा दोन्ही घरचा आहे," तो म्हणाला. "आई निळकल्ल्यांची, बाप हिरव्यांचा. मोजायचा नाही. आणि रंगाचं मला सांगू नकोस, डेलमर. रंग हंगामाचा असतो. जीभ जन्माची असते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन बायांनी आपापल्या माशांच्या तोंडात बोटं घालून पाहिली.

तो संकर वगळूनही डेलमरच जिंकला.

"डेलमर, पुढं ये रे," व्हर्लिन म्हणाला, फीत घेऊन उठला आणि दोन पावलं चालून समोरच्या उंच काळ्या आकृतीपाशी थांबला.

ती आकृती म्हणजे चर्चचे पाद्री ब्रदर हॉबर्ट यांचा झगा होता. सकाळी त्यांनी ओढ्यात उतरून दोघांना बाप्तिस्मा दिला होता, आणि भिजलेला झगा हँगरला लावून फांदीवर वाळत घातला होता. डेलमर दहा हात लांब, बादलीत हात धूत होता.

व्हर्लिनने झग्याच्या छातीवर फीत टाचली आणि खांद्यावर थोपटलं. हँगर झुलला.

"रोडावलास की रे," तो म्हणाला. "आणि भिजलायस किती!"

मासे तळायच्या कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं. ओलेटाने डेलमरकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं. असा मौका त्याला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

डेलमरने हात पँटला पुसले, भरभर येऊन झग्यामागे उभा राहिला आणि म्हणाला, "पाय घसरला रे ओढ्यात."

"मासे पकडतोस का मासे तुला पकडतात?"

लोक हसले, जरा जास्तच मोठ्यानं. तेवढ्यात डेलमरने झगा उतरवला आणि अंगात घातला. ब्रदर हॉबर्टनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

मग दुपारभर डेलमर त्याच वेषात, मक्याच्या पिठात तळलेले मासे खात बाकावर बसून राहिला. खालून पाणी ठिबकत होतं, वरून घाम. परगावच्या एका बाईने त्याला आपल्या दम्यासाठी प्रार्थना करायला सांगितली. ती त्याने केली.

ओलेटा त्याच्यासाठी लिंबू सरबताचा ग्लास घेऊन गेली. "काढ की आता झगा," ती हळूच म्हणाली. "तो तिकडं कढईपाशी आहे."

डेलमरने तिच्याकडे पाहिलं नाही. छातीवरच्या फितीशी चाळा करत तो म्हणाला, "पिन घट्ट लावलीय त्यानं. निघत नाहीये."

कढईपाशी व्हर्लिन कुणालातरी मासा उलटायला शिकवत होता. झाडाखालच्या तिसऱ्या खुर्चीत कुणीतरी कलिंगड आणून ठेवलं, आणि ते तिथंच राहिलं.