ज्याने टेकायचं, त्याने जोडायचं

मी एक जुना वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर आहे. लोखंडाला लोखंड जोडणं हा माझा धंदा. घरात मला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. सध्या माझा मुक्काम जिन्याखाली आहे आणि धूळ बसू नये म्हणून माझ्यावर एक पांढरी चादर टाकलेली असते. त्यामुळे संध्याकाळी जिना उतरणारी मुलं मला बघून किंचाळतात. मित्रांनो, मी भूत नाही. भूत या घरात आहे, पण ते मी नव्हे. आमची ओळख कशी झाली, तेच सांगायला बसलो आहे. तसा मी बसलेलाच असतो.

माझ्या पोटात तांब्याची तार आहे आणि ती भरपूर आहे. ज्यांनी ज्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला, त्यांना हे लगेच पटलं. मला चार चाकं होती. एक कुठे गेलं ते मला माहीत नाही, आणि ते परत आलेलं नाही.

माझे पहिले मालक म्हणजे मास्तर. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी गेटं केली, खिडक्यांच्या जाळ्या केल्या, पाण्याची टाकी ठेवायचे लोखंडी घोडे केले. एका गिऱ्हाइकाने माप चुकीचं सांगितल्यामुळे कोंबड्यांच्या खुराड्याला हत्ती जाईल एवढा दरवाजाही केला. कोंबड्यांनी तक्रार केली नाही. मास्तर रोज मला फडक्याने पुसायचे. त्यांची बायको, म्हणजे काकू, म्हणायच्या की माणसाला इतकं कोणी पुसत नाही.

मास्तरांचा एकच नियम होता. टाका मारून काम सोडायचं नाही. टाका म्हणजे दोन तुकडे जागेवर धरून ठेवायला दिलेला थेंबभर जोड. शिंपी आधी टाचणी लावतो, तसा. टाचणी लावलेला सदरा घालून कोणी बाहेर पडत नाही, पण टाके मारलेली गेटं पुष्कळ लोक घरी नेतात. मास्तर मात्र शेडला कुलूप लावायच्या आधी प्रत्येक टाक्यावर पूर्ण जोड चढवायचे. मग भले जेवण थंड होवो.

एका दुपारी मास्तरांचा जरा डोळा लागला, तो लागलाच.

त्यानंतर मी बंद पडून राहिलो. माझ्या आत एका पालीने संसार थाटला. काकू मधूनच यायच्या आणि मला चालू करून समोर बसायच्या. मी चालू झालो की गुंगुं असा आवाज करतो. जोडायचं काही नसायचं. काकू नुसतं ऐकायच्या आणि बंद करून जायच्या. पुढे शेडची जागा सोडावी लागली आणि मला विकायचं ठरलं. पालीला कोणी विचारलं नाही.

आता माझी दुसरी मालकीण सांगतो. ती एका बेकरीत केकवर क्रीमची नक्षी काढायची. वेल्डिंगशी तिचा संबंध शून्य. तरी ती आपल्या मामांना घेऊन हत्यारांच्या दुकानात गेली आणि म्हणाली, मला शिकायला एक मशीन हवंय, परवडेल असं. तिथे डब्याएवढी हलकी, रंगीत मशीनं मांडली होती. सगळ्यांत स्वस्त मशीनवर एवढा मोठा आकडा छापला होता की त्या ताकदीवर पूल जोडून झाला असता. दुकानदार प्रामाणिक होता. तो म्हणाला, तो आकडा स्टिकरचा आहे, मशीनचा नाही. चांगलं होतं ते तिच्या आवाक्याबाहेर होतं. मग त्याने विचारलं, जोडायचं काय आहे? ती म्हणाली, कठडा. तो म्हणाला, मग घरच्या विजेवर चालेल असं जुनं, तांब्याचं बघा, बिघडलं तर कोणीही दुरुस्त करेल. आणि चेहऱ्यासमोर धरायची काच आणि हातमोजे मात्र नवे घ्या. मशीनमध्ये वाचवा, डोळ्यांत वाचवू नका.

अशी ती माझ्याकडे आली. मामांनी मला कलिंगडासारखं बोटाने वाजवून पाहिलं. “वजन आहे म्हणजे माल आहे,” असं म्हणून त्यांनी मला उचललं. मी जागचा हललो नाही. मामा मात्र जे कमरेत वाकले, ते बरेच दिवस तसेच राहिले. पुढे काटकोन तपासायला घरात गुण्या सापडला नाही की ती म्हणायची, मामांना उभं करा.

निघताना काकूंनी तिला विचारलं, “मी अधूनमधून येऊन ऐकून गेले तर चालेल का गं?”

मामांना वाटलं, बाईंना गाणं ऐकायचंय. ते म्हणाले, आमच्याकडे रेडिओ आहे.

नव्या घरी मला अंगणात ठेवलं. मी वर पाहिलं आणि मला सगळं समजलं. वरच्या मजल्यावर एक गॅलरी होती. खोलीतून निघून त्या गॅलरीतून चालत गेलं की मग जिना. गॅलरीच्या कठड्याला मधोमध एक खिंडार होतं. तिथे एक दोरी बांधली होती. त्या दोरीवर कधीही कपडे वाळत नसत. दोरीजवळ एक लाकडी खुर्ची होती आणि ती कोणी हलवत नसे.

तिचे बाबा रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन तिथे टेकून उभे राहायचे. कोणाच्या खोलीत दिवा उगाच चालू दिसला की आत जाऊन बंद करून यायचे आणि पुन्हा टेकायचे. एका संध्याकाळी ते टेकले आणि कठडा गेला. कठड्याबरोबर बाबा गेले. कप तेवढा गॅलरीच्या कडेवर राहिला, त्याचा कानसुद्धा मोडला नाही. कोणीतरी तो आत आणून दिला. आई तो रोज विसळायची आणि पालथा घालायची.

मला ठेवलं होतं ती जागा खिंडाराच्या बरोबर खाली होती. त्या फरशीबद्दल मी बोलणार नाही.

त्या दिवसापासून आईने गॅलरीत पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे जिनाही नाही, अंगणही नाही, रस्ताही नाही. डॉक्टर वर यायचे, न्हावीण वर यायची. बाकीचे भिंतीला पाठ घासत जायचे, त्यामुळे तिथला चुना सगळ्यांच्या पाठीवर असायचा. दोन कारागीर कठडा बसवायला आले होते. एक म्हणाला, बाई, हत्ती टेकला तरी हलणार नाही. आईने दोघांनाही दारातून परत पाठवलं. कारण पहिला कठडा बसवणारा अगदी हेच म्हणाला होता, हत्तीसकट.

“ज्याने टेकायचं, त्याने जोडायचं,” आई म्हणाली. “दुसऱ्याच्या जोडावर आता या घरात कोणी टेकणार नाही.”

“मग मी जोडते,” मुलगी म्हणाली. त्यापुढचं दुकान आणि मामांची कंबर तुम्हाला माहीतच आहे.

पहिल्या दिवशी तिने रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी, लोखंडाला लावला आणि तो तिथेच चिकटला. तिने ओढला, मी गुरगुरलो. दुसरा लावला, तोही चिकटला. संध्याकाळपर्यंत त्या पट्टीवर इतके रॉड उभे होते की मामांनी हा साळिंदर कोणाचा, असं विचारलं.

त्याच संध्याकाळी एक भलतीच गोष्ट घडली. मी काम करू लागलो की घरची वीज ओढतो आणि घरातले दिवे मंद होतात. वर खोलीत आईच्या डोक्यावरचा दिवा मंद झाला, पुन्हा उजळला, पुन्हा मंद झाला.

आई दिव्याकडे बघत म्हणाली, “आले वाटतं.”

काम थांबवून वर येताना मुलीने हे जिन्यात ऐकलं. तिच्या हातात मोजे होते. आई, हे मशीन आहे, एवढंच सांगायचं होतं. तिने सांगितलं नाही. मग रोज मी चालू व्हायचो, रोज दिवा मंद व्हायचा आणि रोज आई पालथा कप सुलटा करून ठेवायची. मित्रांनो, मी आयुष्यभर गेटं जोडली. एखाद्याचा नवरा व्हायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

काकू आल्या, स्टुलावर बसल्या आणि डोळे मिटून ऐकू लागल्या. त्यांनी जन्मात रॉड पकडायचा होल्डर हातात धरला नव्हता. पण मास्तरांचं काम त्यांनी स्वयंपाकघरातून इतकी वर्षं ऐकलं होतं की त्यांचा राग, लोभ, ताप सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तळण्याचा आवाज आला पाहिजे. चरचर, एकसारखी. तुझी फटफट होतेय. हात लांब जातोय.”

मुलगी म्हणाली, माझा हात पक्का आहे, मी सरळ रेघ मारते. तिथेच तर घोटाळा होता. क्रीमच्या पिशवीचं नाक कितीही नक्षी काढली तरी तेवढंच राहतं. रॉड मात्र जळत जळत आखूड होतो. ती केकवर धरावा तसा हात एका उंचीवर ठेवून पुढे जायची. रॉड आखूड होत जायचा, अंतर वाढायचं, आणि मी लोखंडावर नुसता थुंकत सुटायचो. हात पुढे न्यायचा आणि खालीही आणायचा, हे तिच्या मनगटाला पटायला बरेच आठवडे गेले. दरम्यान बेकरीत तिचं क्रीम केकमध्ये घुसायला लागलं. एका बाळाच्या वाढदिवसाला तिने केकला आरपार भोक पाडलं.

शेवटी चरचर जमली. तिने हौसेने एक स्टूल केलं आणि मामांना बसायला दिलं. दमली होती म्हणून एका पायाला फक्त टाके मारले होते, जोड उद्या चढवणार होती. मामा बसले आणि पुन्हा काटकोनात गेले, या वेळी उलट्या बाजूने.

सगळे हसले. ती हसली नाही. ती तुटलेला पाय हातात घेऊन बघत राहिली. टाका जिथून सुटला होता तिथे एक चकचकीत ठिपका होता. मग ती वर गेली आणि खिंडाराच्या कडेला उरलेल्या खुंटावरचा हिरवा रंग टोकदार हातोडीने खरवडू लागली. रंगाखाली पुट्टी निघाली. पुट्टीखाली तसाच एक ठिपका होता. दुसऱ्या खुंटावर तसाच दुसरा. जोड कुठेच नव्हता.

बाबा इतकी वर्षं टाचण्यांवर टेकत होते.

ती खाली आली आणि आधी त्या स्टुलाचा पाय पूर्ण जोडला. काकू म्हणाल्या, “ह्यांनीही तेच केलं असतं.” माझं गुंगुं त्या दिवशी जरा वेगळं येत होतं. काकूंनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं.

नवा कठडा झाला. मला वर न्यायला मामांनी साफ नकार दिला. म्हणून मी अंगणातच राहिलो आणि माझ्या लांब केबल वर गेल्या. भिंतीतल्या पट्ट्यांना एकेक गज जोडत ती पुढे सरकली. शेवटी एकच जोड उरला, बरोबर खुर्चीजवळचा. तिथे तिने फक्त टाका मारला आणि ती आईच्या दारात जाऊन उभी राहिली.

“शेवटचा तुझा,” ती म्हणाली. “नियम तुझाच आहे.”

आई बराच वेळ उंबऱ्याच्या आत उभी होती. मग तिने मुलीचा जाड कोट घातला, मोजे घातले आणि भिंतीला पाठ लावून, चुना घेत घेत, ती गॅलरीत आली. एका हातात काच धरली. होल्डरवर दोघींचे हात होते. काकूंनी खाली माझं बटण दाबलं.

चरचर आली. जरा वेडीवाकडी, पण तळण्याची. घरातले सगळे दिवे मंद झाले. मग रॉड उचलला आणि सगळे उजळले. जोडावरची काळी खपली हळूहळू थंड झाली आणि कोणी हात न लावता, टिक करून, स्वतःच उठली. मास्तर म्हणायचे, जोड मनासारखा झाला की खपली आपोआप उठते.

आईने काच खाली घेतली. “म्हणजे रोज दिवा मंद करणारी तूच,” ती म्हणाली.

मुलीने मान डोलावली.

“मला ठाऊक होतं,” आई म्हणाली. “ते मंद करत नसत. ते सरळ बंद करत.”

काकूंनी माझा प्लग काढला आणि वायर गुंडाळून माझ्या डोक्यावर ठेवली. वर जोड निवल्यावर आईने कठड्यावर आधी एक हात ठेवला, मग दोन्ही, मग सगळा भार दिला. मुलीने तिचा पदर मुठीत धरून ठेवला होता. कठडा हलला नाही. आईने खाली फरशीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, “अहो, या. टेका आता.”

आतल्या खोलीतला दिवा, तिने येताना चालूच ठेवलेला, टक् करून बंद झाला.

दोघींनी वळून दाराकडे पाहिलं. बटण खोलीच्या आत होतं. खोलीत कोणी नव्हतं. मामा अंगणात, काकू माझ्याशेजारी, आणि माझा प्लग माझ्या डोक्यावर.

आता आई रोज जिना उतरते. आधी येऊन माझ्यावरची चादर नीट करते. भूत समजून कोणी मला घाबरलेलं तिला आवडत नाही.

मित्रांनो, मला जास्त काही मागायचं नाही. माझं चौथं चाक सापडलं तर आणून द्या. टाके मारून काम सोडू नका, कारण तुम्ही विसराल, पण कोणीतरी त्यावर टेकेल. आणि खोलीतून बाहेर पडताना दिवा आठवणीने बंद करा. नाहीतर या घरात तो बंद करायला कोणीतरी येतं.