हाऊ बी या

"गाणं सुरू झालं की तुम्ही पुढे ढकलता," धम्मदीना म्हणाली. "मग त्या बँडचं ऐकता तरी काय?"

"मधलं," ज्ञानदीप म्हणाला आणि हेडफोन पुन्हा कानावर चढवला.

उत्तर तिला लग्नापासून ठाऊक होतं. तरी रविवारी एकदा विचारायचीच, वरणात मीठ बघावं तशी.

ज्ञानदीप वीज ऑफिसच्या तक्रार खिडकीवर बसतो. आठवडाभर लोकांचं ऐकायचं आणि रविवारी छत्रीबागेतल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसून आणखी लोकांचं ऐकायचं, असा त्याचा जन्म चालला आहे. त्याच्याकडे एका जुन्या इंग्लिश रॉक बँडच्या कार्यक्रमांची चोरटी रेकॉर्डिंग्ज आहेत, कपाटं भरून. चोरटी म्हणजे बँडने काढलेली नव्हेत. कुणीतरी कोटाच्या आत टेपरेकॉर्डर दडवून गर्दीत उभं राहायचं आणि जे येईल ते टेप करायचं. त्यात गाणं असतं, शिट्ट्या असतात, शेजारच्याचा खोकलाही असतो. जगभरचे शौकीन ही रेकॉर्डिंग्ज एकमेकांना देतात घेतात. विकायची मात्र नाहीत, ते पाप. पूर्वी टपालाने कॅसेट यायच्या, आता सगळं इंटरनेटवर.

बाकीचे शौकीन स्वच्छ आवाजाच्या मागे. हा मात्र विचारायचा, "लोक मध्ये बोलतात असं काही आहे का?" तिकडच्यांनी त्याला केव्हाच वेड्यात काढलं होतं. ऑफिसात नीरज त्याला रॉकस्टार म्हणे. खरं सांगायचं तर त्या बँडचं एकही गाणं त्यानं गेल्या कित्येक वर्षांत पुरतं ऐकलं नव्हतं.

गाण्यांचं वेड होतं ते शाळेत असताना. थोरला भाऊ बोधिराज तेव्हा जहाजावर फिटर होता. जहाज रॉटरडॅमला लागलं तेव्हा त्यानं शेजाऱ्यांकडे फोन केला. "ग्यानू, तुझा बँड आहे ना, त्याचा प्रोग्राम आहे इथे उद्या. टेप करून आणतो, समजला ना?" त्यानंतर दादा आला नाही. परतीच्या वाटेवर तापानं गेला. त्याची ट्रंक आली, ट्रंकेत टेपरेकॉर्डर आला, पण आत कॅसेट नव्हती.

घरात दादाचे फोटो होते, आवाज नव्हता. आई एकदा म्हणाली होती, "चेहरा भिंतीवर आहे रे. बोलायचा कसा, ते जाऊन राहिलं माझ्या डोक्यातून." ज्ञानदीपला ते फार लागलं, कारण त्याचंही तेच होत होतं. मग त्यानं मनाशी धरलं, की कॅसेट कुणी फेकत नाही. कुणीतरी घेतली असेल, कुणाला दिली असेल, ती फिरत असेल. फिरत्या कॅसेटवर गावाचं नाव चुकतंही, म्हणून त्या वर्षीचे बँडचे सगळे कार्यक्रम गोळा करायचे आणि दोन गाण्यांच्या मधलं ऐकायचं, दादा कुठे बोलतो का ते.

त्या रविवारी रॉटरडॅमचं एक नवं रेकॉर्डिंग आलं होतं. रॉटरडॅमची दोन त्यानं आधीच पालथी घातली होती, त्यामुळे फार आशा नव्हती. हे डीटर नावाच्या जर्मन माणसानं साफ करून टाकलेलं. गर्दीची बडबड काढून टाकली आहे, असं वर अभिमानानं लिहिलेलं. म्हणजे आपल्या कामाचं काहीच नाही, असं म्हणत त्यानं गाण्यांची नावं वाचायला घेतली. एक नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. खाली शौकिनांचा वाद रंगला होता, की हे गायकाच्या गावाकडच्या बोलीतलं अभिवादन आहे की कधी न निघालेलं गाणं. त्यानं ते इंग्रजी नाव मोठ्यानं वाचलं. "हाऊ... बी... या."

"हाओ भिया काय?" धम्मदीना स्वयंपाकघरातून म्हणाली. "चाय पाहिजे म्हणून हाओ म्हणता का? मराठीत मागा ना सीधं."

हाओ भिया, म्हणजे हो रे भाऊ. त्यांच्या गावात उठताबसता असंच म्हणतात.

त्यानं ते गाणं लावलं. टाळ्या थांबल्या, क्षणभर शांतता, आणि अगदी मायक्रोफोनजवळून कुणीतरी म्हणालं, "हाओ भिया." लगेच गिटार. बाकी सगळी बडबड डीटरने काढली होती. एवढं मात्र गायकाचं समजून जपून ठेवलं होतं.

"तुम्ही रडून राहिले?" धम्मदीना दारात उभी होती.

"मूळ पाहिजे," तो म्हणाला. "त्यानं साफ करायच्या पहलेचं."

डीटरला लिहिलं, तर उत्तर आलं की साफ केल्यावर मूळ आपण सहसा ठेवत नाही, आणि तो कचरा कुणाला हवा? ज्ञानदीपने परत लिहिलं. या वेळी सगळं लिहिलं, भाऊ, ताप, रिकामा टेपरेकॉर्डर. मग उत्तरच येईना. तो आठवडा त्याला खिडकीवर कुणाची तक्रार नीट ऐकू आली नाही. शुक्रवारी एक फाइल आली. सोबत एकच ओळ होती, कचऱ्यातून मिळालं, मला माफ करा.

ती त्यानं एकट्यानं ऐकली नाही. आई पलंगावर बसून मटार सोलत होती. धम्मदीनानं स्पीकर तिच्या कानाजवळ आणून ठेवला. साफ केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सापडली होती तीच जागा त्यानं लावली.

टाळ्या विरल्या. कुणीतरी, बहुधा जहाजावरच्याच सोबत्यानं, मराठीतच विचारलं, "चालू आहे ना रे तुझं?" मग एक खोकला, आणि दादा म्हणाला, "हाओ भिया. तू जरा धीरे बोल ना यार. घरी माझा भाऊ ऐकणार आहे."

आईचा हात थांबला.

"सर्दी झाली याला," ती म्हणाली. "बोलला नाही फोनवर."

तेवढ्यात गाणं सुरू झालं. ज्ञानदीपचं बोट सवयीनं पुढे ढकलायला गेलं.

"राहू दे," आई म्हणाली. "त्यानं पूरं ऐकलं असेल ना उभ्यानं? मग आपण पण ऐकू."

धम्मदीना पलंगाच्या कडेला टेकली. गाणं चांगलंच लांब निघालं. आईला त्यातलं काही समजत नव्हतं, धम्मदीनाला आवडत नव्हतं, आणि ज्ञानदीप ते विसरून गेला होता. तरी संपेपर्यंत मध्ये कुणी बोललं नाही.