पाठीवरच्या दोन थापा

आमच्या जोडसायकलीवर हे पुढे बसतात आणि मी मागे. हँडल, ब्रेक, घंटी सगळं पुढे. मागे फक्त पेडल आणि यांची पाठ. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी आठवडाभर आम्ही असे खेडोपाडी भटकतो, आणि तो आठवडा मला पुढे वर्षभर पुरतो.

त्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या खोलीत पिशव्या बांधताना यांनी जाहीर केलं, "पुढच्या वर्षी मी एकट्याची सायकल घेणार. तू सामान घेऊन बसनं ये. मागे किती जोर लावतेस ते माझ्या पायांना कळतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण यांच्याशी भांडून उपयोग नाही. ऐकायचं मशीन वाऱ्यात घोंघावतं म्हणून हे सायकलवर ते खिशात ठेवतात. त्यात मान आखडलेली, मागे वळता येत नाही. म्हणून आमची खूण ठरलेली आहे: मी बसले की यांच्या पाठीवर दोन थापा मारायच्या, मग हे निघतात.

रस्ता झकास होता. दोन्ही बाजूंना कोबीचे वाफे, मग सूर्यफुलं, मग गुरांचं कुरण. हे शीळ घालत होते आणि मी दातओठ खाऊन पेडल मारत होते. कुरणाच्या टोकाला फाटक लागलं. जो उघडेल त्यानंच ते लावायचं, हा शेतांतून जाणाऱ्यांचा नियम. हे सायकल बाहेर काढून, एक पाय टेकून, कुंपणाला खेटून थांबले. माझी कडीशी झटापट चालली होती. तेवढ्यात एका कालवडीनं कुंपणावरून मुंडकं काढलं आणि यांच्या पाठीला दोन ढुशा दिल्या.

हे निघाले!

"अहो! अहो, मी इथंय!"

कालवडीनं माझ्याकडे पाहिलं, यांनी नाही. फोन, पाण्याची बाटली, सगळं सायकलवर. वारा पाठीमागून, रस्ता सपाट. सायकल हलकी लागली तर तेही स्वतःच्याच पायांच्या खात्यावर जमा करणारा हा माणूस, बघता बघता दिसेनासा झाला. मी घाबरले नाही. पुढे चढ आहे हे सकाळी नकाशात मीच पाहिलं होतं.

थोड्या वेळानं दुधाची गाडी आली. चालवणाऱ्या बाईला हकिगत सांगितली, तर हसून हसून तिची मुरकुंडी वळली.

"बसा ताई. हॉर्न देऊन थांबवू का त्यांना?"

"नको. मला फक्त चढाखाली सोडा."

हे चढाच्या मध्यावर होते. शर्ट घामानं चिंब, सायकल जेमतेम हलत होती. मी चालतच त्यांना गाठलं. मागच्या रिकाम्या सीटशी यांचं बोलणं चाललं होतं.

"अगं, लाव ना जोर! सकाळचा राग पायांत उतरवतेस होय?" मग जरा दम खाऊन म्हणाले, "बरं बाई, चुकलं माझं. तुझ्याशिवाय हा चढ माझ्यानं होत नाही. नाही घेत वेगळी सायकल. आता तरी पेडल मार!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना. मी मागची सीट धरली आणि अंगातलं सगळं बळ लावून ढकललं. सायकल वर चालू लागली.

"आत्ता कसं!" हे ओरडले.

माथ्यावर हे उतरले आणि मान वळत नाही म्हणून अख्खेच वळले. धापा टाकत मी रस्त्यावर उभी.

"तू कधी उतरलीस?"

"फाटकापाशी."

यांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं. "काय म्हणालीस?"

"फाटकापाशी!"

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खालून दुधवाल्या बाईनं दणकून हॉर्न दिला.

"पुढची सीट खाली करा," मी म्हणाले. "आता मी पुढे."

यांनी मुकाट्यानं पाना काढला. समोर लांबलचक उतार होता, खाली शेतंच शेतं. मी बसले, हँडल घट्ट धरलं. पाठीवर दोन थापा पडल्या. तरी मी आधी मागे वळून पाहिलं, आणि मगच ब्रेक सोडला.