न विचारता बदललेला वॉल्व्ह

मोहने गावच्या गंगुबाईंना मुलगा संदेश "फक्त तपासणी आहे" म्हणून ठाण्याच्या हॉस्पिटलात घेऊन आलेला. शुद्धीवर आल्यावर त्या पाय हलवू लागल्या, तशी नर्स प्रीती धावली.

"मावशी, पाय वाकवू नका! मांडीतून नळी घालून हृदयाचा वॉल्व्ह बदललाय. सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

संदेश पुटपुटला, "आई, घाबरून तू नाही म्हणाली असतीस."

"तुझा बाप गेला तेव्हा घाबरलेले का रे मी? काळीज माझं आणि सही तुझी? चल, बाहेर हो!"

प्रीतीने गंगुबाईंचे खांदे हलकेच धरले, मांडीवरच्या पट्टीवर रक्त नाही ना, ते पाहिलं.

"सिस्टर, समजवा ना तिला," संदेश म्हणाला.

"जे आधीच सांगायला हवं होतं, ते सगळं आता मी त्यांना सांगणार आहे. तुम्ही बाहेर थांबा," प्रीती कडाडली.

संदेश बाहेर गेला. गंगुबाई अजून रागाने दाराकडे बघत होत्या. प्रीती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.