निखाऱ्यांवर इंजिन

ओडेट देजार्लेने गाडीच्या बॉनेटला कान लावला. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून लावलेला विजेचा ब्लॉक हीटर रात्रभर चालला असला की इंजिनातून आधणाच्या पाण्यासारखी सूं सूं ऐकू येते. आज आत मसणातली शांतता. वायर लावलेली होती, पिन घट्ट बसलेली होती, फक्त वीज नव्हती. थंडी उणे त्रेचाळीस.

दहा वाजता शहरातल्या कोर्टात तिच्या मुलाची, रेमीची शेवटची सुनावणी होती. घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी म्हणून बालकल्याणवाल्यांनी ते आठ वर्षांचं पोर गेल्या वर्षी उचलून नेलं. अडीच खोल्यांची घरं बांधून देणारं सरकार तेच, खोल्या मोजायला येणारंही तेच. मागच्या तारखेला गाडी थंडीने सुरूच झाली नाही, ओडेट पोचली नाही, तर आईला मुलाची पर्वा नाही असं कोर्टात सांगितलं गेलं. आजही गैरहजर राहिली तर रेमी कायमचा परक्यांचा होणार होता.

घरात येऊन तिने विजेची पेटी उघडली. एक खटका पडलेला.

"गास्तों, रात्री काय लावलंस?"

धाकटा भाऊ अंथरुणातूनच बोलला, "नळ गोठला होता ताई. त्याच्यापुढे छोटा हीटर ठेवला. आईला उठल्याउठल्या चहा लागतो."

"आणि गाडीची वायर त्याच लाइनीवर आहे, हे कुणी बघायचं? तुझ्या बापानं?"

"आपला बाप एकच आहे," असं म्हणून तो उठला, पण तिचं तोंड पाहून पुढची चेष्टा त्याने गिळली.

नळ वाचवा नाहीतर गाडी, असलं हे घर. ते मंजूर करणाऱ्या साहेबाला एक हिवाळा इथं डांबला पाहिजे.

तिने नळापुढचा हीटर काढला, खटका वर केला. बाहेर सूं सूं सुरू झाली. पण साडेसातला निघायलाच हवं होतं, आणि इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं. नुसता हीटर एवढ्यात पुरा पडणार नव्हता.

"किल्ली मारून बघू का?" गास्तोंने विचारलं.

"बॅटरी बसली की खेळ खलास. हात लावू नकोस."

शेगडीपाशी बसलेली म्हातारी आई म्हणाली, "निखारे न्या. तुमचा आजा ट्रकखाली निखारेच ठेवायचा."

"अगं, शेगडी रिकामी केली तर घर गोठेल. तू काय करशील?"

"शेजारच्या लुईझकडे जाऊन बसते. तिचा नवरा बोलून बोलून डोकं खातो, पण घर गरम असतं."

मांस भाजायच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये सगळे निखारे काढले. ओडेटने बर्फावर पालथं पडून तो ऑइलच्या टाकीखाली सरकवला. गास्तोंने बॉनेटवरून जमिनीपर्यंत ताडपत्री सोडली. मग नुसतं थांबायचं. ओडेट ताडपत्रीखालून पुन्हा पुन्हा डोकावत होती. हात बधिर झाले, पापण्यांवर बर्फ धरला.

गळक्या ऑइलचा एक थेंब निखाऱ्यावर पडला आणि जाळ उठला. वर डिझेलची नळी. गास्तोंने ट्रे ओढून बाहेर काढला, वर बर्फ टाकला. जाळ गेला, अर्धे निखारेही गेले.

"बस झालं ताई. गाडी जळेल."

"उरलेले परत सरकव."

"अगं, पण..."

"सरकव म्हणते ना."

उजेड फुटायच्या आत ती आत बसली. किल्ली अर्धी फिरवली, इंजिन आतून तापल्याची खूण म्हणून लाल दिवा विझेपर्यंत थांबली, मग तेच पुन्हा. मगच पुरी फिरवली. इंजिन कण्हलं, एक वळसा, दुसरा, आता थांबतंय असं वाटलं, आणि पांढरा धूर ओकत, थंडीतापाच्या माणसासारखं थडथडत पेटलं. ओडेटने श्वास सोडला नाही. शहर दूर होतं.

गास्तोंला तिने बरोबर घेतलं, ती कोर्टात असेपर्यंत गाडी चालू ठेवायला. आतून काचेवर धरलेला बर्फ खरवडत ती पोचली तेव्हा दहाला थोडा वेळ बाकी होता.

कोर्टात बालकल्याणचे वकील उठले. "रेमीची केस बघणाऱ्या आमच्या बाई येऊ शकल्या नाहीत, साहेब. या थंडीत त्यांची गाडीच सुरू झाली नाही. पुढची तारीख मिळावी."

न्यायाधीशांनी मान डोलावली आणि कॅलेंडर ओढलं. ओडेट उभी राहिली. तिला मिळालेल्या सरकारी वकिलाने बाही ओढली, ती तिने सोडवून घेतली.

"साहेब, माझी गाडी सुरू झाली नाही तेव्हा मी वाईट आई ठरले. यांची झाली नाही, तर तारीख?"

न्यायाधीशांनी तिच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे.

"दुपारी दोनला," ते म्हणाले. "बाई आल्या तर ठीक. नाहीतर त्यांच्याशिवाय ऐकू."

बाहेर गास्तोंने काच खाली केली. "झालं का?"

"दोनला आहे."

"दोनपर्यंत? टाकीत डिझेल अर्धंच आहे. बंद करू का? इथं कोर्टाच्या भिंतीला प्लग आहेत, वायर लावून ठेवू."

ओडेटने त्या भिंतीकडे पाहिलं.

"यांच्या विजेवर माझा भरवसा नाही," ती म्हणाली. "चालू ठेव."