चार सेकंदांची खरखर

रुग्णवाहिका केंद्राच्या नोंदवहीत आमच्या कंपनीच्या तीन नोंदी होत्या. तिन्हींचा मजकूर एकच: 'सेट तपासला. दोष आढळला नाही.' खाली बद्रीनाथसाहेबांची सही.

"तुमचे साहेब आले की बिघाड झोपी जातो," वेणूबाई म्हणाल्या. "ते जिना उतरले की उठतो. फार शहाणा बिघाड आहे."

वेणूबाई त्या केंद्रात वायरलेस सांभाळत. सदाशिव पेठेतल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून शहरभर फिरणाऱ्या आठ गाड्यांशी बोलायचं, हे त्यांचं काम. सत्त्याण्णवच्या संक्रांतीला आम्ही तिथे नवे सेट बसवले. मार्चअखेर खरखर सुरू झाली. मांजरी गावाकडची गाडी पत्ता विचारायची आणि वेणूबाईंना 'हॅलो'च्या पुढचं काहीच ऐकू यायचं नाही.

संस्थेच्या चिटणिसांनी निरोप दिला होता: शनिवारी सकाळी अकराला स्वतः ऐकणार. खरखर आली, तर सगळे सेट परत. आता परदेशी माल सरळ मिळतो.

त्या सेटचा रिसीव्हर माझा होता. धायरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दीड वर्ष बसून मी तो पहिल्या रेषेपासून काढला होता. त्यातल्या फिल्टरची तांब्याची वेटोळी मी स्वतःच्या हातांनी गुंडाळली होती. सेट परत आले असते, तर साहेबांनी परदेशी सेट आणून विकले असते आणि माझा आराखडा कपाटात गेला असता. तसं ते बोललेही होते.

"मॅडम, फिल्टर अजून कडक करा," ते म्हणाले.

"फिल्टर शेजारचे आवाज अडवतो, साहेब. हा आवाज नेमका आपल्याच वारंवारतेवर येतोय. त्याला अडवणारा फिल्टर गाडीचा आवाजही अडवेल."

"मग?"

"मग तो येतो कुठून ते बघायला हवं."

बुधवारी सकाळी साडेनऊला मी वेणूबाईंच्या शेजारी बसले. कानाला हेडफोन, हातात घड्याळ, पुढे वही. खरखर आली की तिची वेळ लिहायची, थांबली की पुन्हा लिहायची. दहा मिनिटांत दोन पानं भरली. खरखर दर वेळी चार सेकंदांची. मधली शांतता मात्र सात, आठ, सात, नऊ अशी. शिवाय प्रत्येक खरखर शेवटाकडे किंचित घसरत होती, जणू काहीतरी तापून मऊ होत होतं.

"विजेची मोटर असती, तर मधला वेळही सारखा आला असता," मी म्हणाले. "हे कुणीतरी हाताने काम करतंय. वस्तू ठेवायची, चार सेकंद तापवायची, उचलायची."

एक वाजता खरखर थांबली. ती चार वाजून पाच मिनिटांनी परत आली. गुरुवारी तसंच. मी नोंदवही पुन्हा उघडली. साहेबांच्या तिन्ही नोंदींत तारीख होती, वेळ नव्हती.

"साहेब किती वाजता यायचे?"

"अडीचला. तुमच्याकडची सकाळची कामं उरकून." वेणूबाईंनी चष्मा पुसला. "सदाशिव पेठेत दुपारी अडीचला बिघाड शोधायला येणारा माणूस पुण्याचा नव्हे, तुमच्या साहेबांसारखा जालन्याचाच असणार."

दुकानं एक ते चार बंद, तेवढाच वेळ आमचा सेट निर्दोष. पण एकला बंद होणारी दुकानं आजूबाजूला शंभर होती आणि माझ्याकडे एकच दिवस उरला होता.

शुक्रवारी मी पेन धरून एक वाजण्याची वाट बघत होते. खरखर साडेबाराला दोन मिनिटं कमी असतानाच थांबली. दहा मिनिटं गेली. वीस गेली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"वेणूबाई, इथे जवळपास जुम्म्याच्या नमाजाला जाणारं कुणाचं दुकान आहे?"

"या पेठेत?" त्यांनी मागच्या गॅलरीकडे पाहिलं. "मागच्या बोळात अल्लाबक्ष कव्हरवाले. पासबुकांची, डायऱ्यांची प्लास्टिकची कव्हरं करतात."

मी साहेबांना फोन केला. "सापडलं बहुतेक. प्लास्टिक जोडायचं मशीन आहे. ते सत्तावीस मेगाहर्ट्झवर चालतं. त्या वारंवारतेची सहापट लहर आपल्या चॅनलवर पडते."

"झालं तर! सरकारी वायरलेस खात्याकडे अर्ज देऊ. मशीनला सील लागेल."

"उद्या अकरापर्यंत नाही लागणार. आणि त्यांनी काय मुद्दाम केलंय?"

मी हातातला छोटा सेट घेऊन चार वाजता बोळात गेले. अल्लाबक्षचाचा कुलूप काढत होते. साठीचे, इस्त्रीचा सदरा, खिशात पट्टी. मी सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं.

"बावीस वर्षं मशीन चालवतोय. आजवर कुणी बोट दाखवलं नाही."

"एकदा पायपट्टी दाबता का?"

त्यांनी दाबली. माझ्या हातातला सेट चार सेकंद किंचाळला. त्यांनी पाय उचलला, सेट गप्प. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग स्टूल ओढून बसले.

"यात त्या बाईंचं बोलणं बुडतं?"

"हो. गाडीचा पत्ता बुडतो."

"काय करायचं ते कर, ताई. पण शिवण बिघडता कामा नये. चार सेकंद म्हणजे चार सेकंद."

मशीनच्या मागे गेले आणि कारण समोरच दिसलं. पाठीचा पत्रा काढून भिंतीला टेकवला होता आणि तिथे टेबलपंखा वारा घालत होता.

"उन्हाळ्यात फार तापतं. मार्चपासून उघडंच ठेवलंय," चाचा म्हणाले.

अर्थिंगची तार नळाला बांधलेली होती. नळ पितळी, पण त्यामागची पाइप गेल्या वर्षी बदललेली, प्लास्टिकची. तार कुठेच पोचत नव्हती.

रविवार पेठेतून मी बारीक पितळी जाळी आणली. "हिच्यातून वारा जाईल, लहर जाणार नाही," म्हटल्यावर चाचांनी ती डोळ्यांजवळ धरून भोकं पाहिली आणि पत्रे कापायची कात्री काढली. काठ माझ्यापेक्षा सरळ त्यांनीच कापले. मी जाळीच्या चारी कडा घासून मशीनच्या पेटीला स्क्रूने आवळल्या, मीटरच्या खांबापासून खरी अर्थिंग ओढली, विजेच्या तारेवर फिल्टर बसवला. त्यातली वेटोळीही मीच गुंडाळली होती.

पहिलं कव्हर कच्चं निघालं. चाचांचा चेहरा पडला. जाळीमुळे मशीनची जुळणी हलली होती, हे मला अपेक्षित होतं. मी आतला स्क्रू पाव फेरा फिरवला. दुसरं कव्हर त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, नख लावून पाहिलं.

"चार सेकंद," ते म्हणाले. सेट गप्पच होता.

शनिवारी अकराला चिटणीस आले. मी त्यांना मशीनची हकीकत सांगितली. साहेब माझ्यामागे उभे. वेणूबाईंनी मांजरीच्या गाडीला हाक दिली. ड्रायव्हरने पूर्ण पत्ता सांगितला, वर रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या असल्याची तक्रारही केली. एक अक्षर बुडालं नाही.

चिटणीस खिडकीकडे वळले. "ते मशीन बंद ठेवायला सांगितलंत की काय?"

वेणूबाई मागच्या गॅलरीत गेल्या. "अल्लाबक्षभाई! चालू आहे ना?"

खालून चाचांनी नुकतं निघालेलं कव्हर उंच धरलं. "सकाळपासून दोनशे झाली!"

चिटणिसांनी आणखी तीन गाड्या ऐकल्या. मग कान चोळत म्हणाले, "म्हणजे तुमच्या सेटमध्ये दोष नव्हताच."

"नव्हता," मी म्हणाले.

"एवढा एक शब्द बोलायला चार दिवस घेतले बाईंनी," वेणूबाई म्हणाल्या आणि नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

साहेबांनी खिशातलं पेन काढून मला दिलं. त्यांच्या तीन नोंदींखाली मी पट्टीने एक नवा रकाना आखला, वर 'वेळ' असं लिहिलं आणि पहिली नोंद केली: सकाळी ११.०५. सेट निर्दोष. मशीन चालू असताना.

खाली पूर्ण नाव लिहून सही केली.