तळहात आकाशाकडे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपला दुखरा खांदा सांभाळत आलेला. मंचावर खांदेमहाराज, आणि त्यांच्यापुढे आपला रंगारी. छतं रंगवून रंगवून उजवा खांदा असा धरला होता, की शर्टसुद्धा बायकोला घालून द्यावा लागायचा. उद्यापासून मोठ्या इमारतीचं काम. नाही म्हटलं तर दुसरा टपलेलाच होता.

"तळहात खाली ठेव. हात बाजूने वर कर!" महाराज गरजले.

अर्ध्यावरच रंगारी कळवळला. "आई गं!"

"पाहिलंत? मागच्या जन्माचं ओझं!" महाराजांनी खांद्यावर फुंकर मारली. "आता तळहात आकाशाकडे. कृपा माग आणि उचल!"

हात सरळ वर! टाळ्यांचा कडकडाट झाला. रंगाऱ्याला तर रडूच फुटलं.

"आता डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही. उद्या खुशाल रंगाचे डबे उचल."

"दाजी, थांबा जरा." पहिल्या रांगेतून त्याची मेहुणी उठली. ती फिजिओथेरपिस्ट, रोज लोकांच्या खांद्यांचे व्यायाम घेणारी. खांद्याची सोनोग्राफी करा म्हणून दाजींच्या कानीकपाळी ओरडून थकली होती. पण घरच्यांचं ऐकेल तो दाजी कसला!

तिने रांगेतल्या एका काकूंना पुढे घेतलं. "काकू, फुंकर नको, कृपा नको. तळहात वर करून हात उचला."

एरवी अर्ध्यावर अडणारा काकूंचा हात वर गेला. काकूच दचकल्या.

"दाजी, तुमच्यावर तर कृपा झालीय. आता तळहात खाली करून उचला बघू."

"आई गं!"

सभागृहात खसखस पिकली.

"हिच्या शंकेने शक्ती पळाली!" महाराज चिडले.

"शक्ती कसली? तळहात खाली असला की खांद्याच्या हाडांमध्ये सुजलेला स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, चिमटतो. तळहात वर केला की दंडाचं हाड फिरतं, चिमटा सैलावतो. कळ थांबते, पण आत फाटलं असेल तर ते फाटलेलंच राहतं."

रंगाऱ्याचा चेहरा पडला. "मग उद्या डबे उचलले असते तर?"

"उरलेला स्नायूबंधही तुटला असता. छत राहू द्या, केस विंचरायलाही ताई लागली असती."

महाराजांची अचानक ध्यानाची वेळ झाली.

सोनोग्राफीत स्नायूबंध अर्धवट फाटलेला निघाला. इमारत दुसऱ्याकडे गेली, त्या दिवशी रंगारी जेवला नाही. आता मेहुणी रोज व्यायाम घेते आणि तो रोज तिच्या नावाने खडे फोडतो. पण परवा शर्ट त्याने स्वतःच घातला.

तेव्हा मंडळी, हात वर गेला म्हणजे खांदा बरा झाला असं नाही. दुखतंय तर तपासून घ्या, कारण शोधा. आणि कुणी मंत्राने चमत्कार दाखवलाच, तर तोच एकदा मंत्र वगळून करून बघा.